फाळक्यावरचा डोंगर

“हा डोंगर तू पाह्यला काय वं?”

प्रश्न इतका साधा होता की जुबैदाला आधी तो ऐकूच आला नाही. तिचा हात चालू होता. खारीच्या शेपटीच्या केसांचा बारीक ब्रश ती निळ्या नदीच्या काठावरून ओढत होती, श्वास धरून, कारण श्वास सोडला की रेघ हलते. रेघ संपली, श्वास सुटला, आणि मग तो प्रश्न आत उतरला. तिनं मान वळवली. पाणी मागायला परसात आलेली म्हातारी गडवा हातात धरून मागं उभी होती. लमाणांची बाई. दंडापर्यंत पांढऱ्या बांगड्या, चोळीवर आरशाच्या टिकल्या, चेहरा उन्हानं वाळून खारकेसारखा झालेला. ही लालीबाई. हिच्याच मुलाचा, गुलाबसिंगचा, नवा ट्रक पुढच्या अंगणात उभा होता आणि त्याचाच मागचा फाळका इथं परसात भिंतीला टेकवून जुबैदा रंगवत होती. तीन हिरवे डोंगर, मधून वर आलेला सूर्य, खाली नदी, नदीकाठी झोपडी आणि दोन बगळे.

“कोनता डोंगर?”

“हाच. तू काहाडला तो.”

“नाही पाह्यला.”

“मंग कसा काहाडला?”

आवाजात टोचणी नव्हती. दळण कुठं टाकलं असं विचारावं तसं तिनं विचारलं होतं. उरलेलं पाणी तोंडात ओतून तिनं पदरानं हनुवटी पुसली आणि पुन्हा फाळक्याकडं पाहिलं. “गुल्यानं सांगतलं, गाडीवर डोंगर काहाडून राह्यले. मले वाटलं आपलाच असन. म्हनून आली पाहाले.” आणि एवढ्या उन्हात सहा मैल येऊन आपली फसगत झाली तरी त्याचं काही नाही, अशा बेतानं ती पायरीवर टेकली.

कसा काढला. जुबैदानं ब्रश रॉकेलच्या डब्यात बुडवला आणि उगाच ढवळत राहिली. उत्तर तिला ठाऊक होतं, आणि आज पहिल्यांदाच ते उच्चारायची लाज वाटत होती. अब्बांनी शिकवला म्हणून काढला. अब्बांना त्यांच्या हैदराबादच्या उस्तादांनी शिकवला, आणि उस्तादांनी म्हणे तो एका विलायती बिस्किटांच्या डब्यावरून घेतला होता. ती अकरा वर्षांची असताना याच परसात अब्बा तिचा हात हातात धरून सांगत, डावीकडचा लहान, मधला मोठा, उजवीकडचा अर्धा, मधल्याच्या खांद्यावर सूर्य, हिरव्यात पांढरा मिळवत वर वर जायचं. “आन् ब्रशचा माग दिसला नाही पाहिजे बेटा. रंग असा बसला पाहिजे का तो कोनी लावला हेच कोनाले समजू नये.” अब्बांच्या बोटांना टर्पेंटाइनचा वास यायचा आणि तंबाखूचा. हा रंग कोणी लावला हे पुढं खरोखरच कोणाला समजलं नाही. अब्बा, मोहिउद्दीन पेंटर, चार वर्षांपूर्वी गेले, आणि हैदराबाद रोडवरच्या या कारखान्यावर धाकट्या भावाच्या, सरदारच्या, नावाची पाटी लागली. सरदारचा हात लोखंडावर आणि लाकडावर चालायचा. ब्रश धरला की त्याच्या रेघा ओघळायच्या. म्हणून फाळके मागच्या दारानं परसात यायचे, जुबैदा त्यांच्यावर तीन डोंगर काढायची, आणि कोपऱ्यात स्वतःच वळणदार अक्षरांत लिहायची, सरदार पेंटर, पांढरकवडा. यात लपवाछपवी अशी काही नव्हती. कोणी विचारलं नव्हतं आणि कोणी सांगितलं नव्हतं. नवरा तापानं गेल्यावर वणीहून परत आलेल्या, चौतिशीतल्या बहिणीनं दिवसभर काहीतरी करायला हवंच होतं.

पण डोंगर. लहानपणी तिला वाटायचं, अब्बा तिथं जाऊन आलेत. ती झोपडी त्यांनी पाहिली आहे, ते बगळे कधीकधी उडतात. निकाहानंतर मोटारीतून वणीला जाताना तिच्या मनात चोरून आलं होतं की वाटेत ते तीन डोंगर लागतील. पण तिला आतल्या बाजूला बसवलं होतं, नकाब खाली होता, आणि रीत म्हणून ती रडत होती. मग रडता रडता खरंच रडू आलं आणि वाट संपून गेली. दोन वर्षांनी त्याच रस्त्यानं परत येताना मान वर करावी असं काही राहिलं नव्हतं. त्यानंतर हे परस. एका बाजूला तट्टा, तट्ट्यापलीकडं हातोड्यांचे ठोके, एका बाजूला भिंत, भिंतीवर शेजारच्या लिंबाचा शेंडा. आणि तिचे डोंगर मात्र नागपूर, आदिलाबाद, हैदराबाद करत हिंडत होते. किती माणसांनी ट्रकच्या मागं मागं जाताना ते पाहिले असतील. त्यांतल्या एकालाही हे विचारावंसं वाटलं नव्हतं.

“तुमचा डोंगर कसा हाय?” तिनं विचारलं.

लालीबाई गुडघ्यांवर हात टेकून उठली. “कसा मंजे? डोंगर हाय तो. आमच्या तांड्यामागं हाय. सांगता थोडाच येते? चाल, दाखवते. दोनच्या मोटारीनं जाऊन राह्यली मी.”

“मी येते,” जुबैदा म्हणाली. शब्द तोंडातून बाहेर पडले आणि मग तिला ते ऐकू आले. सरदार रंग आणि बिजागऱ्या आणायला नागपूरला गेला होता, उद्या दुपारी यायचा होता. चुलीपाशी बसलेली भावजय, हजराबी, पिठाचे हात घेऊन तशीच उठून आली. “आपा, उन्हानं डोकं फिरलं काय? कुठी जाता? अन् त्यायनं विचारलं त मी काय सांगू?” “सांग, डोंगर पाहाले गेली,” जुबैदा म्हणाली, आणि तिला एकदम हसू फुटलं. हजराबीकडं पाहून तिनं ते दाबलं, पण बुरखा घालताना, गुंड्या लावताना, ते पोटात उसळतच राहिलं. शाळा चुकवणाऱ्या पोरींना असंच होत असेल. ती शाळेत गेली नव्हती, तरी तिला ते माहीत असल्यासारखं वाटलं.

या वेळी मोटारीत तिनं खिडकीची जागा घेतली. लालीबाई हमरस्त्यावर एका पळसाखाली उतरली आणि शेतांतून चालू लागली. वय साठीच्या पुढचं, पण पाय असे पडत होते की जुबैदाला मागं पळावं लागत होतं. कपाशीच्या पऱ्हाट्या उपटून नेलेल्या काळ्या वावरांत ढेकळं तापली होती. फाल्गुनातलं ऊन बुरख्याच्या काळ्या कापडातून आत शिरून अंगभर पसरलं होतं. जाळीतून तिला फक्त लालीबाईच्या टाचा दिसत होत्या, भेगाळलेल्या, धुळीनं पांढऱ्या झालेल्या. मग त्या टाचा थांबल्या. “हां. पाह्य आता.” जुबैदानं नकाब वर केला.

पहिल्यांदा तिला काही दिसलंच नाही. डोळ्यांत इतका उजेड शिरला की सगळं पांढरं झालं, आणि त्या पांढऱ्यातून हळूहळू जे वर आलं ते तीनकोनी नव्हतं. त्याला टोकच नव्हतं. काहीतरी अवाढव्य आडवं पडलं होतं, रवंथ करत बसलेल्या बैलासारखं, आणि ते गरम होतं. त्याची धग इथवर येत होती. हिरवं कुठं आहे? ती अधाशासारखी हिरवं शोधू लागली, कारण डोंगर म्हणजे हिरवा, त्यात पांढरा मिळवत वर जायचं. हिरवं नव्हतं. वाळल्या गवताचं पिवळं होतं, पण पिवळं म्हणावं तर वारा आला की ते तांबूस व्हायचं आणि पुन्हा पिवळं. त्या पिवळ्यावर मोठमोठे काळे डाग होते. “मोहफुलं येचासाठी पाला जाळते मानसं,” लालीबाई म्हणाली. काळ्या डागांच्या कडा अजून धुमसत होत्या. काळ्यातून खडक वर आले होते, तेही काळेच, पण त्यांचं काळं निराळं, निळ्या पोटाचं. आणि या सगळ्यावर कोणीतरी भरल्या हातानं शेंदूर फेकला असावा तसा पळस. एकेक झाड वेगळं काढावं तर तसं नव्हतं, सगळी लाली एकदम अंगावर येत होती, एक पानसुद्धा मध्ये न येता. पानगळ झालेल्या सागाच्या राखी काटक्यांत एकच एक पांढऱ्या सालीचं झाड उघडंनागडं उभं होतं. ती चार पावलं डावीकडं सरकली तर डोंगरही सरकला. खडकामागून दरी निघाली, दरीत जांभळी सावली निघाली, सावलीत पुन्हा एक पळस. तिनं परत चार पावलं उजवीकडं टाकली. सगळं बदललं. “काय करून राह्यली?” लालीबाई म्हणाली. जुबैदा पुन्हा डावीकडं सरकली. तिच्या छातीत धडधडत होतं, घशाला कोरड पडली होती. असं तिला आयुष्यात दोनदाच झालं होतं, आणि दोन्ही वेळा भीतीनं. ही भीती नव्हती. मग तिला वाटलं, भीतीच आहे, पण दुसऱ्या जातीची. जिच्यापासून पळून न जाता जिच्याकडं पळावं अशी. आणि खरंच ती पळाली. बुरखा दोन्ही हातांनी वर धरून, सागाची वाळली पानं पायांखाली पापडासारखी मोडत, ती चढणीला लागली. चपला निसटल्या त्या तिनं तशाच सोडल्या. खडकाला हात लावला तर तळवा भाजला. मोहाचा गोड, जड, आंबूस वास आला, राखेचा आला, आणि तिनं त्या खडकाला पाठ लावून मान मागं टाकली, तेव्हा वरचा उतार तिच्या डोक्यावर ओणवा झाला आणि आभाळ त्याच्या मागं इतकं गच्च निळं होतं की त्या निळ्याचासुद्धा धक्का बसला. आपण निळ्यात नेहमी पांढरा घालतो, तिला आठवलं. कायले घालतो?

दिवेलागणीच्या मोटारीनं ती परतली. हजराबीनं ताट वाढलं आणि तिच्या अनवाणी पायांकडं पाहत राहिली.

सकाळी उजाडताच जुबैदा परसात आली. फाळका भिंतीला टेकून होता. तीन डोंगर, नदी, झोपडी, बगळे. रंग वाळून गुळगुळीत झालेला, आरशासारखा, तिचाच धूसर चेहरा त्यात दिसत होता. अब्बा असते तर डोळे मिटून त्यांनी वरून तळहात फिरवला असता आणि वाहवा म्हटलं असतं. वाईट काम नव्हतं ते. तिला त्याचा राग आला नाही, त्याची थोडी दयाच आली. तिनं खारीच्या केसांचा ब्रश उचलला आणि ठेवून दिला. शेजारी अस्तराचा ब्रश होता, चार बोटं रुंद, राठ केसांचा, ज्यानं सरदार ट्रकच्या तळाला काळा फासतो. तिनं तो घेतला. पिवळ्याचा डबा उघडला. रंग पातळ करायला टर्पेंटाइनची बाटली हातात घेतली आणि बूच काढायच्या आधीच खाली ठेवली. मग तो जाड, सायीसारखा पिवळा ब्रशभर घेतला आणि मधल्या डोंगराच्या हिरव्या खांद्यावर असा ओढला की फाळका भिंतीवर आपटून खण्णकन वाजला.

आवाज ऐकून हजराबी दारात आली आणि तिथंच थिजली. जुबैदाला ती दिसली नाही. पिवळा डावीकडून उजवीकडं गेला, वर चढला, खाली आला. ब्रशचे राठ केस त्यात खोल चऱ्या पाडत गेले आणि त्या चऱ्या पाहताच तिचा हात क्षणभर थबकला. माग दिसून राह्यला बेटा. अब्बांचा आवाज इतका जवळून आला की तिनं मागं पाहिलं. दिसू द्या अब्बा, ती मनात म्हणाली, गवत हाय ते. काल वारा त्याच बाजूनं येत होता. आणि चऱ्या खरंच गवत होत्या. तिनं ते काढलं नव्हतं, ते आपोआप तसं झालं होतं. म्हणजे हात जसा जाईल तसा डोंगर होतो! मग ती थांबली नाही. पिवळा ओला असतानाच त्यावर काळा घातला, थोपटून, जळक्या पाल्याचे डाग. काळ्यात कडेनं लाल शिरला आणि धुमसू लागला. खडकांना ब्रश पुरेना. तिनं फटींत लांबी-पुट्टी भरायची लोखंडी पट्टी घेतली, काळ्यात निळा अर्धवट कालवून पट्टीनं तो फाळक्यावर थापला आणि कडेनं कापून काढला, आणि खडकाची धार अशी निघाली की पाहतानाच तळव्याला चटका बसला. कालचा चटका. सूर्य बुजला. झोपडी बुजली. बगळ्यांपाशी हात जरासा अडला, तेवीस वर्षं ती ते बगळे काढत होती. मग तिनं त्यांच्यावरून जांभळी दरी ओढली. घाम डोळ्यांत उतरत होता. तो पुसताना कपाळाला रंग लागला, ओढणीला लागला. आता पळस. पळसाचं काय करायचं? झाड काढायचं नाही, झाड दिसलंच नव्हतं. तिनं चिंधीचा बोळा केला, लाल आणि पिवळा एकमेकांत पुरता न मिसळता तो त्यात बुडवला आणि दोन पावलं मागं सरून फेकला. चिंधी फाळक्यावर बसली, चिकटली, ओघळली. पुन्हा फेकली. हजराबी ओरडली. जुबैदा हसत होती. मोठ्यानं, दात दाखवून, वीस वर्षांत या घरात कोणी तिला असं हसताना पाहिलं नव्हतं. आभाळ शेवटी राहिलं. निळ्याचा डबा तिनं फोडला, पांढऱ्याच्या डब्याकडं पाहिलंसुद्धा नाही, आणि नुसता निळा, गच्च, डब्यातला होता तसा, डोंगराच्या पाठीवर दाबून बसवला. त्या निळ्याबरोबर खालचं सगळं एकदम पेटलं. मग पांढऱ्या सालीचं ते एक झाड, एकाच फटकाऱ्यात, खालून वर. ब्रश वर उचलताना तिला कळलं की आता आणखी काही लावायचं नाही. हे कसं कळलं ते मात्र कळलं नाही. तिनं हात खाली सोडले. हिरव्याचा डबा उघडलाच नव्हता.

सरदार दुपारी आला तेव्हा ती पायरीवर बसून फाळक्याकडं पाहत होती. तो परसात शिरला, खांद्यावरची पिशवी त्यानं खाली ठेवली.

“आपा, हे काय केलं?”

“डोंगर.”

“आग लागली काय त्या डोंगराले?”

“हो. थोडी लागलती.”

“मजाक नको करू. उद्या सकाळी गुलाबसिंग गाडी घेऊन जाईन. आदिलाबादले माल भराचा हाय त्याले. पहिली गाडी हाय त्याची, नवी कोरी, अन् मागं हे?” तो जवळ गेला. रंगाच्या जाडीकडं, चऱ्यांकडं, ओघळांकडं त्यानं वाकून पाहिलं, आणि त्याचा आवाज खाली आला. “अब्बा असते त काय म्हनले असते? अन् नाव कुठी हाय? नावच नाही लिहिलं.”

“राहिलं.”

ती खरं बोलत होती. नावाची तिला आठवणच झाली नव्हती. सरदारनं निळ्याचा डबा उचलला, एका कोपऱ्यातला ब्रश उचलला. “सपाट निळा मारतो. वर ‘फिर मिलेंगे’ लिहून दे. रातभरात वाळते.” तेव्हा जुबैदा उठली आणि फाळका आणि तो यांच्यामध्ये जाऊन उभी राहिली. असं काही करायचं तिनं ठरवलं नव्हतं. लहानपणी बाजारात पिसाळलेलं कुत्रं आलं होतं तेव्हा ती अशीच याच्यापुढं उभी राहिली होती. आज कुत्र्याच्या जागी तोच होता. सरदार तिच्याकडं पाहत राहिला. तिच्या कपाळावर लाल होता, ओढणी पिवळी झाली होती, आणि डोळ्यांत असं काही होतं की ते अब्बांचंही नव्हतं. “ठीक हाय,” तो म्हणाला. “गाडी त्याची हाय. त्यानं नाही म्हनलं त मी पुसीन. मंग आडवी येऊ नको.” ती हो म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सरदार आणि मिस्त्री फाळका कडेकडेनं धरून पुढच्या अंगणात घेऊन गेले. बिजागऱ्या ठोकल्याचा आवाज आला. साखळ्या अडकवल्याचा आला. जुबैदा तट्ट्याला लागून उभी होती. गुलाबसिंगचा आवाज तिनं ओळखला, त्याच्याबरोबर दोनतीन ड्रायव्हर होते. मग कोणीतरी खिदळलं. “कायबे गुल्या, मिरचीचं कालवन सांडलं काय गाडीवर?” सगळे हसले. “सरदारभाई,” गुलाबसिंग म्हणत होता, आणि त्याचा आवाज चिडलेला नव्हता, ओशाळलेला होता, हे जास्त वाईट होतं, “बाकीच्यायच्या गाडीवर कसे चांगले डोंगर रायते. माह्याच गाडीवर काहून असं?” डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज तिनं ऐकला. तो आवाज ती हजार आवाजांत ओळखू शकली असती.

ती तट्टा बाजूला सारून बाहेर आली. बुरखा घरातच राहिला. डोक्यावर ती डागांची ओढणी होती. पुढच्या अंगणात ती लग्नानंतर आजच अशी उघड्या तोंडानं आली होती, आणि माणसं तिच्याकडं पाहायला लागली तेव्हा तिच्या लक्षात आलं की आपल्याला काय बोलायचं ते आपण ठरवलेलं नाही. “मी काहाडला तो,” ती म्हणाली. “सरदारनं नाही. मी. पुसाचा असन त मले सांगून पुसा.” ड्रायव्हरांचं हसू अर्धवट राहिलं. गुलाबसिंगनं डोक्यावरची टोपी काढली, परत घातली. सरदारच्या हातातल्या ब्रशमधून निळा थेंब त्याच्या चपलेवर पडला. उघड्यावर, सकाळच्या उन्हात, डोंगर तिला परसात दिसला होता त्याहून मोठा दिसत होता, आणि ओबडधोबड, आणि दोनतीन ठिकाणी चुकलेला. दरी नको तिथं उतरली होती. तरी तिला त्याच्यावरून नजर काढवेना.

मुलाबरोबर आलेली लालीबाई ट्रकच्या पुढच्या चाकाला नारळ फोडून मागच्या बाजूला आली. तिनं सगळ्यांच्या तोंडांकडं पाहिलं आणि मग फाळक्याकडं. ती पाहत राहिली. फाळक्याच्या अगदी जवळ गेली, इतकी की नाक रंगाला लागेल. मग डोळे बारीक करून, एखाद्या घरात शिरून कोणाला शोधावं तशी ती त्यात शोधू लागली. पांढऱ्या झाडापाशी थांबली. तिथून डावीकडं गेली. खडक चुकवला.

“वाट नाई काहाडली तू,” ती म्हणाली.

“मले नाही दिसली.”

“दिसत नाई आता. बुजली. पन हाय.” आणि तिनं बोट पुढं केलं. “इथून, या झाडाखालून आमचे बैल उतरत. शंभर-शंभर बैल, पाठीवर मीठ. माह्या बापाचा नाईकी बैल सगळ्याच्या पुढं, त्याच्या गळ्यातल्या घंट्या खालच्या गावात आयकू येत. मी एवढुशी होती, बापाच्या खांद्यावर.”

“याडी, रंग ओला हाय!” गुलाबसिंग आईवर ओरडला.

वरून वाळलेल्या जाड रंगाची साय म्हातारीच्या बोटाखाली फाटली होती. बोट काळ्यात रुतलं आणि ओढत खाली निघालं, आणि त्याच्या मागं, काळ्याच्या पोटातून, काल सकाळी सगळ्यांत आधी लावलेला पिवळा वर आला. लख्ख. एक वाट. झाडाखालून निघाली, खडकाला वळसा घातला, दरीच्या तोंडाशी जराशी घुटमळली. “इथं बैल पानी पीत,” लालीबाई म्हणाली, कोणाला तरी समजावत असल्यासारखी, आणि बोट पुन्हा चालू लागलं, पळसांमधून, जळक्या डागांमधून, वाकडंतिकडं, घाई न करता, खाली खाली, फाळक्याची कड येईपर्यंत. कडेवर ते थांबलं. दहा जन्म ब्रश धरला असता तरी जुबैदाला ती रेघ ओढता आली नसती. आणि तिच्या डोंगराशिवाय त्या रेघेला उतरायला जागा नव्हती.

गुलाबसिंग आईकडं पाहत होता. आईनं हे त्याला कधी सांगितलं नसावं. तो फाळक्याजवळ आला, वाटेवरून त्यानं बोट न टेकवता हात नेला, वरपासून खालपर्यंत. “अन् इथून पुढं कुठी जात याडी?”

“इथून?” लालीबाईनं बोटाचा रंग घागऱ्याला पुसला आणि हमरस्त्याकडं हात केला. “हीच त होय. हैदराबादेले.”

गुलाबसिंगनं सरदारच्या हातातला ब्रश काढून घेतला आणि डब्यात ठेवला. मग तो गाडीत चढला. ड्रायव्हर बाजूला झाले. इंजिन दोनदा खोकलं, तिसऱ्यांदा लागलं, आणि ट्रक मागंपुढं होत फाटकातून बाहेर निघाला. जुबैदा त्याच्या मागून चालत गेली. फाटकापर्यंत, मग फाटकाबाहेर, मग रस्त्यावर. धूळ तोंडात जात होती. पानटपरीवरची माणसं वळून पाहत होती. ट्रकनं वेग घेतला आणि खड्ड्यातून जाताना डोंगर उसळला, खाली आला, पुन्हा उसळला, त्याच्या अंगावरची पिवळी वाट उन्हात लखलखत होती.

“आपा,” मागून सरदार म्हणाला. त्याचा आवाज मऊ होता. “चाल घरात.”

“थांब न जरासा,” ती म्हणाली, हात डोळ्यांवर धरून. “अजून दिसून राह्यला.”